जिन्यात कोण थांबलं?

अन्याय झाला तो आमच्या घरमालकीणबाईंवर. गेल्या वर्षी, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, मारबतीच्या सकाळी, तर्रीपोह्यांच्या बश्या विसळून झाल्यावर आणि काळी मारबत चौकात पोचायच्या आधी. ठिकाण : गांधीबाग, बाईंचं माहेर, वरच्या मजल्यावरची गॅलरी. हे आधीच सांगून टाकते, कारण मी पत्रकं लिहिणारी मुलगी आहे. कोणावर, कधी, कुठे हे पहिल्या चार ओळींत आलं नाही तर अन्याय करणारे 'असं कधी झालं बुवा?' म्हणून मोकळे होतात. पण त्या सकाळकडे जाण्याआधी या बाई कोण हे कळायला हवं आणि ते कळवणं सोपं नाही. नागपूरच्या वेशीवरच्या अख्ख्या वाडीत, अमरावती रोडच्या अल्याड आणि पल्याड, सगळी ट्रकांची गोदामं धरून, दुसऱ्याच्या जिवाला इतका ताप देणारी आणि त्या तापाबद्दल जिचे जन्मभर आभार मानावे लागतील अशी दुसरी बाई नाही.

बाईंची इमारत म्हणजे एकावर एक चढवलेल्या भाड्याच्या खोल्या आणि त्यांना कशाबशा शिवून ठेवणारा एक अरुंद, अंधारा जिना. काका, म्हणजे बाईंचे यजमान, गेल्यापासून सगळा कारभार एकट्या बाईंच्या हातात आहे. जिन्याखाली लाल प्लास्टिकची खुर्ची टाकून त्या सकाळपासून बसलेल्या असतात. पुढ्यात परात, परातीत निवडायला काहीतरी. डोळे परातीत आणि कान जिन्यात. वर चढणाऱ्याचा चेहरा त्यांना लागत नाही, पाय पुरतात. कोण आलं, रिकाम्या हाताने आलं की पिशवी घेऊन, भांडून आलं की जेवून, हे त्या मान वर न करता सांगतात. भाडेकरूंना त्यांनी आपल्या मनाने नावं ठेवलेली आहेत. दुसऱ्या माळ्यावरचा ट्रकड्रायव्हर सदा हैदराबादच्या फेरीवर असतो म्हणून तो 'हैदराबाद'. मी गोदामातल्या हमालांच्या संघटनेत काम करते, मोर्चे काढते, म्हणून मी 'आंदोलन'. 'आलं का वं आंदोलन? आज पाय घासून राह्यले तुहे. सायबानं भेट नाई देली वाटते.' साहेबाने खरंच भेट दिलेली नसायची. एकदा मैत्रिणीच्या चपला घालून आले तर खालून आवाज, 'चप्पल कोनाची आनली वं? अन् तुही कुठी हरवली?' अशा घरात चोर शिरायचं धाडस करत नाहीत आणि प्रेमात पडलेल्या भाडेकरूंना तर फार जपून राहावं लागतं.

शरीर म्हणजे इमारत, हे बाईंचं एकमेव शास्त्र. कोणाला सर्दी झाली की 'वरच्या माळ्यावर ओल आली', कोणाचं पोट बिघडलं की 'खालचा चेंबर तुंबला', आणि मी एखाद्या कंत्राटदारावर संतापून घरी आले की 'मेन स्विच पाड, पोरी, नाई तं वायर जळन'. माझ्यासाठी सांगून आलेल्या एका मुलाला त्यांनी चहा पाजला, खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि तो गेल्यावर एवढंच म्हणाल्या, 'समोरून चांगलं दिसते वं थे पोरगं. पाया कच्चा आहे.' पुढे तो मुलगा कुठल्याशा फसव्या योजनेत सगळ्या नातेवाइकांना गुंतवून परागंदा झाला. त्या दिवसापासून माझ्या आईने बाईंना विचारल्याशिवाय एकही स्थळ पाहिलेलं नाही.

माझ्या पत्रकांच्या त्या पहिल्या वाचक आणि शेवटच्या संपादक. छापून आलेला गठ्ठा मी वर नेण्याआधी त्यांच्या खुर्चीपाशी थांबावंच लागतं. चष्मा नाकावर उतरवून त्या वाचतात आणि मान हलवतात. 'एवढे निषेध कायले वं? पह्यल्या निषेधाले जो घाबरला नाई, थो पाचव्याले झोपून जाते. अन् मागनी कुठी आहे? पार खाली, बारीक अक्षरात! वाचनाऱ्याले जेवाले जायचं असते. कोनं काय करा लागते, थे एका वाक्यात सांग अन् चूप बस.' ही शिकवण मला कुठल्याही शिबिरात मिळालेली नाही. उरलेली पत्रकं त्या पापडांच्या डब्यात खाली अंथरतात. आमच्या इमारतीत पापड भाजायला काढला की त्याच्या पाठीवर 'हमालांचा अंत पाहू नका' उलट्या अक्षरांत उमटलेलं सापडतं.

आता ती सकाळ. नागपूरबाहेरच्या वाचकांनी एवढं ध्यानात घ्यावं, की मारबत ही आमच्या गावाची सांडपाण्याची मोरी आहे, पण मनाची. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जुन्या शहरातून काळी आणि पिवळी अशा दोन अवाढव्य मारबती निघतात. मागे माणसांना छळणाऱ्या गोष्टींचे पुतळे असतात, त्यांना बडगे म्हणतात. दुतर्फा उभं राहिलेलं सगळं गाव ओरडतं, की रोगराई, इडापिडा, सगळं घेऊन जा गे मारबत! मग तिला नेऊन जाळतात. गांधीबागेतलं माहेर सुटून बाई वाडीला आल्या, पण मारबत सुटली नाही. दरवर्षी त्या माहेरी जातात, भावाच्या कापडाच्या दुकानावरचा उभा जिना चढतात आणि गॅलरीत पहिल्या रांगेत बसतात. गेल्या वर्षी त्या अर्ध्या जिन्यात थांबल्या. जबडा दुखायला लागला, जणू दाढच ठणकते आहे. घाम सुटला, मळमळलं, पाठीवर कोणी पोतं ठेवल्यासारखं झालं. छातीत कळ म्हणाल तर तशी नाही, नुसतं जड.

वहिनी म्हणाली, दाढ असन, आणि ओवा दिला. भाऊ म्हणाला, काल पुरणपोळी अन् आज तर्री, गॅस नाई होईन तं काय होईन, आणि सोड्याचं पाणी पाजलं. तरी घाम थांबेना म्हणून गल्लीतल्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी खुर्चीतूनच विचारलं, 'सकाळी काय खाल्लं?' बाई खोटं बोलत नाहीत. त्या म्हणाल्या, 'तर्रीपोहे.' झालं. तपासणी तिथेच संपली. नागपुरात छातीतल्या कुठल्याही दुखण्यावर तर्रीचं, म्हणजे पोह्यांवरच्या त्या झणझणीत रश्श्याचं, नाव आधीच लिहून ठेवलेलं असतं, फक्त रुग्ण यायचा बाकी असतो. आणि रुग्ण बाई असेल तर दुसरंही एक वाक्य तयार असतं : 'या वयात बायकांना होतं असं. टेन्शन कमी घ्या.' नाडीला बोट नाही, छातीला नळी नाही. अ‍ॅसिडिटीची गोळी घेऊन बाई परत त्या उभ्या जिन्याने गॅलरीत.

तेवढ्यात काळी मारबत आली. ढोल, गर्दी, गच्च्यांवर माणसं. बाई कठडा धरून उभ्या राहिल्या आणि जीव खाऊन ओरडल्या, की रोगराई घेऊन जाय गे मारबत! रोग गल्लीत नव्हता, शेजारी नव्हता, त्यांच्याच छातीत मांडी घालून बसला होता. त्या ओरडत होत्या आणि आत हृदयाचा एक तुकडा रक्ताविना तडफडत होता. मारबत पुढे निघून गेली. रोग राहिला. हे मला त्यांनीच नंतर हसत सांगितलं. मला अजून हसू आलेलं नाही.

रस्ते मोकळे झाल्यावर त्या ऑटोने वाडीला आल्या, कोणालाही बरोबर न घेता, आणि येऊन आपल्या खुर्चीवर बसल्या. मी दिवेलागणीला परत आले. दार ढकललं, जिन्याच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवला आणि खालून आवाज आला, 'कोन आहे?'

त्या जिन्याने मला, माझ्या चपलांना, माझ्या मैत्रिणीच्या चपलांना ओळखलं होतं आणि आज बाई विचारत होत्या, कोण आहे!

'मी आहो काकू. आंदोलन.'

'हो का. आयकूच नाई आलं वं. कानात ढोल वाजून राह्यले सकाळचे.'

मी वाकून पाहिलं. तोंडावर राख फासल्यासारखा रंग. पदर घामाने भिजलेला. परातीतले तांदूळ तसेच, एकही खडा काढलेला नाही.

'काकू, काय होते तुमाले?'

'काई नाई. गॅस आहे. डॉक्टरनंच सांगतलं.'

मी वर तोंड करून 'हैदराबाद!' अशी हाक मारली. माझ्या आयुष्यातली ती सगळ्यात मोठी घोषणा असेल. नशिबाने त्या दिवशी तो फेरीवर नव्हता. जेवता जेवता खरकट्या हाताने खाली धावला आणि बाईंकडे पाहून म्हणाला, 'दीदी, ये गॅस नहीं है. मेरे उस्ताद को स्टेरिंग पे ऐसाच हुआ था.' त्याने वाद घातला नाही. बाईंना खुर्चीसकट उचललं आणि शेजारच्या गोदामाच्या टेम्पोत ठेवलं. शहरातल्या मोठ्या दवाखान्यापर्यंत आमच्या घरमालकीणबाई मालाच्या टेम्पोत, लाल खुर्चीवर, पालखीत बसल्यासारख्या गेल्या. हैदराबाद स्टेरिंगवर, मी एका बाजूने धरलेलं, त्याचा क्लीनर दुसऱ्या बाजूने, आणि त्यांचं मधूनमधून चालूच, 'गेटले कुलूप लावलं का? खुर्ची वापस आनजो रे बावा, थेथीच सोडून येशीन.'

दवाखान्यात त्यांचा ईसीजी निघाला, रक्त तपासलं, मनगटातून तार घालून बंद झालेली रक्तवाहिनी उघडली आणि तिच्यात जाळीची नळी बसवली. बाई वाचल्या. तिथल्या तरुण डॉक्टरणीने दोन दिवसांनी पलंगाशेजारी बसून त्यांना सगळं समजावून सांगितलं आणि तिचेही मी इथे आभार मानते, कारण समजावून सांगायला बसणारा डॉक्टर मी तोवर पाहिला नव्हता. 'काकू, हृदयात चार खोल्या असतात,' ती म्हणाली आणि बाईंच्या तोंडावर पहिल्यांदा तजेला आला. 'चार! दोन वर, दोन खाली?' 'हो. त्यांच्यात सतत रक्त येतं-जातं. पण हृदयाच्या भिंतींना ते रक्त पिता येत नाही. त्यांच्यासाठी बाहेरून वेगळ्या बारीक वाहिन्या आहेत.'

'म्हंजे टाकी भरली असली तरी मालकाची लाईन अलग.'

'अगदी.'

'मंग थे लाईन क्षारानं जाम झाली असन. आमच्या बोरचं पानी तसंच आहे.'

'तसं वाटतं खरं. पण नळात क्षार बसतो तसा हा थर बसत नाही, काकू. वाहिनीच्या भिंतीच्या आतच चरबी साचत जाते, वर्षानुवर्षं. बीडी-सिगारेट, बीपी, साखर, घराण्यातलं दुखणं, सगळं त्यात भर घालतं. भिंत आत फुगते, वाट अरुंद होते. मग जिना चढताना, ओझं उचलताना त्रास होतो आणि थांबलं की बरं वाटतं. पुष्कळांना तेवढीच खूण मिळते. काहींना तीही नाही. आणि एक दिवस तो फुगवटा फुटतो, त्यावर रक्ताची गाठ धरते आणि वाट एकदम बंद होते.'

बाईंनी छताकडे पाहिलं. 'पोपडा,' त्या म्हणाल्या. 'गिलाव्याचा पोपडा. मांगून ओल येऊन राह्यते, दिसत नाई. वरून रंग मारला का भिंत नवी. मंग एक दिवस पोपडा पडते अन् मोरीच तुंबते.'

'हो,' डॉक्टर हसली, 'पोपडा.' मग तिचं हसू मावळलं. 'नळी बसवली, वाट उघडली. पण सकाळपासून जो भाग उपाशी राहिला, तो परत येणार नाही. जितका वेळ गेला तितका स्नायू गेला. तुम्ही सकाळीच आला असतात तर बराच वाचला असता.'

'म्हंजे एक खोली गेली.'

'खोली नाही. एका खोलीची भिंत कमजोर झाली. आता जिने चढायचे नाहीत.'

'भाड्यानं नाई देता येनार मंग थे खोली,' बाई म्हणाल्या. आम्ही दोघींनी हसावं म्हणून म्हणाल्या असाव्यात. आम्ही हसलो नाही.

मी त्याच दिवशी दवाखान्याच्या व्हरांड्यात बसून पत्रक लिहिलं. असलं जळजळीत पत्रक मी कधी लिहिलेलं नाही. वर मथळ्यात त्या गल्लीतल्या डॉक्टरांचं नाव, ठळक अक्षरांत, आणि खाली चार निषेध. बाईंनी पलंगावर पडल्या पडल्या वाचलं. मला वाटलं, निषेध कमी कर म्हणतील. त्यांनी नावावर बोट ठेवलं. 'हे कायले?'

'त्यानं तुमाले मरायले सोडलं काकू!'

'अन् माह्या भावानं सोडा पाजला. वहिनीनं ओवा देला. मी सोता मारबतले आवाज देऊन राह्यली होती. कोनाकोनाचं नाव टाकशीन? उद्या थो डॉक्टर बदनाम होईन, लोकं टाळ्या वाजवतीन, अन् घरी जाऊन आपल्या बायकोले सोडा पाजतीन.' मग कागद मला परत देत म्हणाल्या, 'ज्यायनं वाचाले पायजे, त्यायचं नाव टाक.' मी वाद घातला. डॉक्टरचं काम ओवा देणाऱ्या वहिनीपेक्षा वेगळं असतं हे माझं मत आजही कायम आहे आणि ते मी त्या डॉक्टरांना तोंडावर जाऊन सांगून आले. पण पत्रक मी फाडलं. या लेखात कोणाचं नाव नाही, ते त्यामुळे.

खुर्ची परत जिन्याखाली आली, बाई खुर्चीवर आल्या आणि इमारतीच्या शांततेचा अंत झाला. आधी त्या पाय नुसते ओळखायच्या, आता तपासायला लागल्या. जिन्यात कोणी दम घ्यायला टेकलं की खालून हुकूम सुटायचा : 'कोन थांबलं जिन्यात? खाली ये!' आणि मग ईसीजी. हैदराबाद वळणावर चोरून बीडी ओढायला थांबायचा. त्याचा ईसीजी चांगला आला आणि बीडी मात्र सुटली, कारण तिथे थांबायचीच चोरी झाली. वरच्या खोलीतला कॉलेजातला मुलगा जिन्यात थांबून हळू आवाजात फोनवर बोलत असे. बाईंनी त्याला भर दुपारी हाताला धरून तपासणीला नेलं आणि वाटेत कारण विचारलं. त्या बिचाऱ्याने 'छातीत काहीतरी होतं' हे कबूल केलं. कोणामुळे होतं ते सांगायचं त्याला धैर्य झालं नाही. गांधीबागेत भावाच्या दुकानात गेल्या की दारातच बसायच्या आणि वरच्या माळ्यावरचे शालू बघायला चढणाऱ्या बायांना अडवायच्या, 'काहून थांबली वं माय? दम लागला का भाव आयकून?' अर्धी गिऱ्हाइकं साडी न घेता थेट ईसीजीला जायला लागल्यावर भावाने हात जोडले. बहुतेकांचे ईसीजी चांगले निघत. बाईंना त्याचं काही वाटत नसे. 'चांगला निंगाला तं पेढे वाटा. रडून कायले राह्यले?'

मीही वैतागले होते, हे लपवत नाही. मग हिवाळा आला, आमच्या गावाकडचा, पारशिवनीकडचा धान निघाला आणि माझे बाबा नव्या तांदळाची चुंगडी, म्हणजे छोटं पोतं, खांद्यावर मारून आले. गावाकडच्या माणसाला शहरातल्या मुलीकडे रिकाम्या हाताने यायला लाज वाटते. बाबा दरवर्षी ती चुंगडी खांद्यावर घेऊन, शीळ घालत, एका दमात माझ्या खोलीपर्यंत चढतात. त्या दिवशी मी वर दारात उभी होते. शीळ ऐकू आली, आणि थांबली.

खालून बाई : 'कोन थांबलं जिन्यात?'

'मी आहो बाई. पोरीचा बाप. चपलेचा अंगठा निंगाला.'

'चप्पल काढून चढा मंग, दादा.'

बाबा चपला तिथेच काढून चढले. पुन्हा थांबले.

'आता कोनाचा अंगठा निंगाला?'

बाबा हसले, पण ते हसू दम लागलेल्या माणसाचं होतं. 'काई नाई हो. कधी कधी इथी, गळ्याखाली, आवळल्यासारखं होते. बांधावर चालतानी पन होते. बसलं का जाते. गॅस आहे.'

खुर्ची मागे सरकल्याचा आवाज झाला. बाई उठल्या होत्या. जिने चढायची मनाई असलेली ती बाई पहिल्या वळणापर्यंत कठडा धरत आली, तिने बाबांच्या चपला उचलल्या आणि ती खाली जाऊन त्या मांडीवर घेऊन बसली. 'या घरात गॅसचं नाव फक्त सिलिंडरवाल्यानं घ्यायचं. तपासून या. मंग चप्पल न्या.'

बाबांनी आधी थट्टा केली, मग राग केला, मग 'धान खळ्यावर पडून आहे, संध्याकाळची बस आहे' अशी विनवणी केली. बाई चपला सोडेनात. शेवटी बाबा हैदराबादच्या चपला घालून ईसीजी काढून आले आणि विजयी मुद्रेने कागद फडकवला. नॉर्मल! 'पाहा, म्हटलं होतं ना? द्या चप्पल.'

मी चपला घ्यायला हात पुढे केला. बाईंनी कागद पाहिला, बाबांकडे पाहिलं. 'हा तं झोपल्या मानसाचा काढला. तुमी तं चालतानी थांबता.' मग माझ्याकडे वळून, 'आंदोलन, माह्या डॉक्टरनीकडे ने यायले. मधात दुसऱ्या कोन्या डॉक्टरपाशी थांबू नोको.' चपला त्यांनी पापडांच्या डब्यात ठेवून वर झाकण लावलं.

त्या डॉक्टरणीने बाबांना विचारलं, कुठे दुखतं, कधी दुखतं, किती चाललं की दुखतं, थांबल्यावर जातं का. तेवढ्यानेच तिचा चेहरा गंभीर झाला. 'आराम करताना काढलेला ईसीजी चांगला येऊ शकतो, काका. सरकत्या पट्ट्यावर चालवून बघू.' पट्टा सुरू होऊन थोडाच वेळ झाला आणि तिने तो बंद केला. अँजिओग्राफीत दिसलं, की हृदयाची डावीकडची मुख्य वाहिनी उगमापाशीच अरुंद झाली होती. तिथेच पोपडा पडला असता तर बांधावर पडलेले बाबा कोणाला दिसले असते, हा विचार मी अजून शेवटापर्यंत करू शकत नाही. त्यांची बायपास झाली. शुद्धीवर आल्यावर त्यांचं पहिलं वाक्य होतं, 'माह्या चपला?'

बाबा बरे झाले, मी आयुष्यभराची ऋणी झाले आणि हे ऋण बाईंना सांगायला गेले तर त्यांनी मला परात पुढे सरकवली. 'बस. खडे निवड. भाषन वरती देजो.'

यंदाच्या मारबतीला आम्ही बडगा केला. कल्पना माझी, सांगाडा हैदराबादचा, कागद पत्रकांचा, आणि पोट फुगवायचं काम बाईंच्या देखरेखीखाली. 'अजून मोठं करा. लोकायनं याच्यात काय काय कोंबलं आहे, तुमाले मालूम नाई.' पुतळ्याच्या गळ्यात पाटी : 'मी गॅस नाही.' तो बडगा गर्दीतून निघाला तेव्हा लोक हसले, पोरांनी शिट्ट्या मारल्या, आणि एक म्हातारी आपल्या सुनेचा हात धरून ती पाटी पुन्हा पुन्हा वाचताना मी पाहिली. बाई गॅलरीत नव्हत्या. दुकानाच्या उंबऱ्याशी, खाली, स्टुलावर बसल्या होत्या. मारबत आली तेव्हा सगळं गाव ओरडलं. त्या ओरडल्या नाहीत. ढोलांच्या गदारोळात त्या मान खाली घालून पुढून जाणाऱ्या पायांकडे पाहत होत्या.

आपल्याच इमारतीच्या गच्चीवर बाई गेल्या वर्षीच्या मारबतीपासून गेलेल्या नाहीत. तिथे त्यांच्या कुरडया वाळायच्या, तिथून संध्याकाळी अमरावती रोडवरच्या ट्रकांचे दिवे दूरवर लागलेले दिसायचे आणि त्या एकट्याच बघत उभ्या राहायच्या. आता बाबा आले की चुंगडी खालीच ठेवतात, सावकाश, वळणावर बसत बसत, गच्चीपर्यंत जातात आणि उतरून बाईंना सगळं सांगतात. कुरडया वाळल्या. टाकीचं झाकण सरकलं होतं, लावलं. ट्रकांची रांग पार नाक्याच्या पुढे गेली आहे. बाई डोळे मिटून ऐकतात आणि मग म्हणतात, 'उतरतानी कुठी थांबले नाई तुमी, दादा. आयकलं मी.' हल्ली कधी कधी त्यांना परातीवरच डुलकी लागते. तेव्हा मी मुद्दाम पाय आपटत चढते, जागं करून जाते. वर गेल्यावर दार उघडं ठेवते आणि त्यांची खुर्ची करकरली की मगच बसते. आता मीही ऐकते.

तेव्हा मागणी, त्यांच्या नियमाप्रमाणे ठळक, पण त्यांचा नियम मोडून पार खाली. तुम्हाला जेवायला जायचं असेल, मला ठाऊक आहे. ज्या बाईने ते जेवण केलं, ती अलीकडे जिना चढताना, पाण्याची बादली उचलताना, मधेच थांबायला लागली आहे का? जबडा, पाठ, हात दुखतो म्हणते का? विनाकारण घाम, दम, थकवा? विचारा. तिने 'काही नाही, गॅस आहे' म्हटलं तर ऐकू नका आणि आज, जेवणाच्या आधी, तिला दवाखान्यात न्या. उठा.